सहभाग कोणाचा, निर्णय कोणाचा? : हार्लेमच्या निमित्ताने

कलासंग्रहालये समाजासमाजांना जोडतात, असे आता सर्वत्र बोलले जाते. संग्रहालय म्हणजे राजेरजवाड्यांच्या वस्तू जपण्याची कोठी नव्हे. तेथे निरनिराळ्या थरांतल्या माणसांनी यावे, भाग घ्यावा, एकमेकांपासून शिकावे, अशी ही भूमिका आहे. भूमिका चांगली आहे. तिला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु 'सहभाग' हा शब्द ज्या सहजतेने वापरला जातो, ती सहजता आपल्याला परवडणारी नाही. गावगाड्यात आपला सहभाग कधी कमी होता? लग्नात हलगी आपली होती, मयताचा सांगावा आपण नेत होतो, मेलेले ढोर आपण ओढत होतो, शिवेच्या तंट्यात साक्ष आपली लागत होती. गावाचे एकही कार्य आपल्यावाचून पार पडत नव्हते. फक्त मांडव कोठे घालायचा, पंगत कशी बसवायची, कोणी किती अंतरावर उभे राहायचे, हे ठरताना आपल्याला कोणी विचारत नव्हते. म्हणून सहभागाची भाषा ऐकली की आपण आधी विचारले पाहिजे : निर्णय कोणाचा?

हा प्रश्न अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांनी १९६९ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून विचारला होता. त्यांच्या साहित्याशी आपली ओळख जुनी आहे. १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले ते त्यांच्याच चळवळीवरून. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा शेजारच्याच हार्लेम भागात कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती वाढत चालली होती. आणि १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्रही लिहिले होते. मात्र आपल्या समीक्षेने त्यांची कविता घेतली, कादंबरी घेतली, आत्मकथने घेतली. त्यांच्या चित्रकारांचा झगडा फारसा घेतला नाही. आपल्याकडे शब्दाला जो मान आहे तो रेषेला अजून मिळालेला नाही, हे त्याचे एक कारण असावे.

न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम १८७० साली स्थापन झाले. हार्लेमपासून ते दूर नाही. त्याच फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूने सरळ उत्तरेकडे चालत गेले की माणूस हार्लेममध्ये पोहोचतो. पण दोन्हींमध्ये जे अंतर होते ते पायांनी मोजण्याजोगे नव्हते. १९६८ हे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाचे वर्ष. शहरे पेटलेली होती. अशा वेळी संग्रहालयाचे संचालक थॉमस होव्हिंग यांनी कृष्णवर्णीय समाजाला संग्रहालयात स्थान देण्याचे ठरवले, आणि १८ जानेवारी १९६९ रोजी 'हार्लेम ऑन माय माइंड' हे भव्य प्रदर्शन उघडले. १९०० ते १९६८ या काळातले हार्लेम त्यात दाखवले होते. भिंतीएवढी वाढवलेली छायाचित्रे, पडद्यावर बदलत जाणारी चित्रे, ध्वनिमुद्रणे, वर्तमानपत्रांतले मजकूर असा सगळा थाट होता. प्रदर्शनाचे संयोजक अ‍ॅलन शोनर हे गोरे होते. नावसुद्धा एका गोऱ्या संगीतकाराच्या १९३३ सालच्या गाण्यावरून घेतलेले.

या एवढ्या मोठ्या प्रदर्शनात नव्हते ते हार्लेमच्या चित्रकारांचे एकही चित्र, शिल्पकारांचे एकही शिल्प. रोमेअर बेअर्डन, नॉर्मन लुइस, जेकब लॉरेन्स ही माणसे तेव्हा हयात होती, काम करत होती. लॉरेन्स यांचे चित्र तर १९४२ पासून मेट्रोपॉलिटनच्याच संग्रहात होते. ते बाहेरून मागवायचे नव्हते, नुसते भिंतीवर आणायचे होते.

हा विसर नव्हता. त्यामागे एक दृष्टी होती, आणि ती ओळखण्यासाठी आपल्याला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. दलित आत्मकथने आली तेव्हा मराठीतल्या प्रस्थापित समीक्षेने त्यांचे स्वागत कोणत्या शब्दांत केले ते आठवावे. 'समाजशास्त्रीय दस्तऐवज', 'जिवंत अनुभव', 'दाहक वास्तव'. अनुभव तुमचा, तो दाहक. पण त्याची रचना, त्याची भाषा, त्याचे कलारूप यांविषयी मौन. मेट्रोपॉलिटनने हार्लेमला हेच केले. हार्लेम ही पाहण्याची वस्तू ठरली, पाहणारा डोळा नव्हे. ज्या इमारतीत रेम्ब्राँची चित्रे कला म्हणून टांगलेली होती, त्याच इमारतीत कृष्णवर्णीय माणूस माहिती म्हणून टांगला गेला. कला त्यांची, जीवन आमचे, अशी ही वाटणी आहे.

सहभाग मात्र मागितला गेला होता. हार्लेममधल्या सांस्कृतिक संस्थांच्या लोकांना सल्ल्यासाठी बोलावले होते. पण सल्ला नुसता ऐकून घेतला जातो, त्याप्रमाणे काही घडत नाही, हे दिसल्यावर हार्लेम कल्चरल कौन्सिलने प्रदर्शन उघडण्याआधीच, नोव्हेंबर १९६८ मध्ये, आपला पाठिंबा काढून घेतला. जानेवारीत बेनी अँड्र्यूज, क्लिफ जोसेफ, हेन्री गेंट आदी कलावंतांनी 'ब्लॅक इमर्जन्सी कल्चरल कोअ‍ॅलिशन' ही संघटना उभारली आणि हाती फलक घेऊन ते संग्रहालयाच्या दारात उभे राहिले. आमची छायाचित्रे आत आणि आम्ही बाहेर, असा तो देखावा होता. मांडवाबाहेरच्या हलगीची आठवण येथे आल्याशिवाय राहत नाही.

तरी या प्रदर्शनाला सरसकट निकालात काढणे बरोबर होणार नाही. जेम्स व्हॅन डर झी हा हार्लेमचा छायाचित्रकार पन्नासएक वर्षे आपल्या स्टुडिओत लोकांची छायाचित्रे काढत आला होता. लग्नातली जोडपी, फरकोट घालून मोटारीपाशी उभे असलेले दांपत्य, शाळकरी मुले, मयताच्या पेटीतली माणसे. त्याच्याकडे आलेला प्रत्येक जण आपल्याला जसे दिसायचे आहे तसा उभा राहिला होता. तेथे कीव नव्हती, अभ्यास नव्हता. ही छायाचित्रे या प्रदर्शनामुळे जगापुढे आली. (आणि त्याच १९६९ साली हा ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षांचा म्हातारा आपल्या राहत्या घरातून बाहेर काढला गेला. भिंतीवर मान मिळतो म्हणून डोक्यावर छप्पर राहतेच असे नाही.) डाऊद बे नावाचा किशोरवयीन मुलगा हे प्रदर्शन पाहायला गेला होता. संग्रहालयाच्या भिंतीवर आपल्यासारखी साधी माणसे त्याने प्रथमच पाहिली. पुढे त्याने हार्लेमच्या रस्त्यांवर छायाचित्रे काढली आणि ती १९७९ साली हार्लेममध्येच मांडली. आज तो मोठा छायाचित्रकार म्हणून ओळखला जातो. संयोजकाचा हेतू एक असतो, पाहणारा आपल्यापुरते भलतेच काही उचलून नेतो. संग्रहालयाचे सामर्थ्य असलेच तर ते येथे आहे.

ज्यांनी दारात फलक धरले त्यांचे पुढे काय झाले, हे अधिक महत्त्वाचे वाटते. सप्टेंबर १९७१ मध्ये अ‍ॅटिका तुरुंगात कैद्यांनी उठाव केला आणि तो गोळ्या घालून मोडला गेला. त्यानंतर याच संघटनेने तुरुंगांत चित्रकलेचे वर्ग सुरू केले. संग्रहालयाने आम्हाला आत घ्यावे म्हणून भांडणारी माणसे, ज्यांना कोठेच आत घेतले जात नाही आणि कोठून बाहेरही सोडले जात नाही, अशांपाशी जाऊन बसली. एकत्र शिकणे याला म्हणतात. त्याला संगमरवरी जिना लागत नाही.

वॉशिंग्टनमध्ये याच सुमारास दुसरा एक प्रयोग चालू होता. अ‍ॅनाकोस्टिया या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत एका जुन्या चित्रपटगृहात सप्टेंबर १९६७ मध्ये स्मिथसोनियन संस्थेने वस्तीचे संग्रहालय उघडले. रूढ अर्थाने ते कलासंग्रहालय नव्हते, पण कलासंग्रहालयांनी त्याच्याकडून शिकावे असे बरेच आहे. संचालक म्हणून जॉन किनार्ड या तरुण पाद्र्याला नेमले. तो संग्रहालयशास्त्राचा पदवीधर नव्हता, वस्तीत काम केलेला माणूस होता. १९६९ साली तेथे उंदरांवर प्रदर्शन भरले. जिवंत उंदीर काचेआड ठेवले होते. वस्तीतल्या मुलांच्या बोलण्यात उंदीर येत होते, घराघरात उंदीर चावत होते, म्हणून विषय उंदीर. उंदीर कोठून येतात, कचरा का साठतो, तो का उचलला जात नाही, हे सगळे त्यात आले. अभिजन रसिकाने नाक मुरडावे असाच हा विषय. पण येथे विषय कोणी ठरवला ते पाहावे. संग्रहालय शिकवायला गेले नाही. आधी शिकले, मग मांडले.

पण वस्तीचे म्हणणे तेच अंतिम, असे म्हणूनही चालणार नाही. सप्टेंबर १९६८ मध्ये हार्लेममध्ये, दारूच्या दुकानावरच्या भाड्याच्या माळ्यावर, 'स्टुडिओ म्युझियम' सुरू झाले. पहिलेच प्रदर्शन टॉम लॉइड या कृष्णवर्णीय कलावंताच्या विजेच्या रंगीत दिव्यांच्या अमूर्त रचनांचे होते. यात आमचे काय आहे, असे लोकांनी विचारले. हा वाद आपल्याही घरचा आहे. दलित कवीने वेदनेखेरीज दुसरे काही लिहिले की आपल्यातलेच काही जण त्याला बांधिलकीचा जाब विचारतात. वेदना हा आपल्यावर लादलेला विषय आहे. तोच एक विषय आपल्याला शोभतो असे आपणही मानू लागलो, तर दस्तऐवजवाल्या समीक्षकांत आणि आपल्यात फरक तो काय राहिला? स्टुडिओ म्युझियमने दोन्ही बाजू सोडल्या नाहीत. कलावंतांना तेथेच काम करण्याची जागा दिली. चित्र होताना, बिघडताना, पुन्हा होताना लोकांना पाहता आले, आणि विचारताही आले. ही संस्था टिकली, आणि मेट्रोपॉलिटनला अखेर तिच्याकडे यावे लागले. २०२१ साली व्हॅन डर झी याचा हजारो छायाचित्रांचा आणि काचपट्ट्यांचा संग्रह दोन्ही संस्थांनी मिळून जतन करण्याचे ठरले. २०२४ साली मेट्रोपॉलिटनने हार्लेमच्या नवजागरणातल्या चित्रकारांचे मोठे प्रदर्शन भरवले. संयोजक डेनिस मरेल या कृष्णवर्णीय विदुषी. त्यातली कितीतरी चित्रे हॉवर्ड, फिस्क, हॅम्प्टन अशा कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थांकडून मागून आणावी लागली. मोठ्या संग्रहालयांना ज्यांची किंमत कळली नव्हती, ती चित्रे या संस्थांनी अपुऱ्या पैशांत सांभाळली होती.

आपल्याकडे असे सांभाळणे झाले आहे. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या त्या चळवळीतल्या माणसांनी. पण सार्वजनिक कलासंग्रहालयांचे काय? मुंबईत भायखळ्याला, राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली लोकांसाठी उघडले, मोठ्या दुरुस्तीनंतर २००८ साली पुन्हा उघडले. इमारत देखणी आहे. तेथे कपाटांतून मातीच्या छोट्या मूर्ती मांडल्या आहेत : नाना जातीजमाती, त्यांचे पोशाख, पागोटी, धंदे. साहेबाने या मुलखातली माणसे नमुने म्हणून कशी पाहिली याचा तो उत्तम पुरावा आहे, आणि तो हलवू नये. पण नमुन्याला आजवर विचारलेले नाही. परळची बी.आय.टी. चाळ, जेथे बाबासाहेबांनी उमेदीची वर्षे काढली, तेथून फार लांब नाही. शहर झाडणाऱ्या कामगारांच्या वसाहती याच शहरात आहेत. सुधारक ओलवे यांनी त्या कामगारांची छायाचित्रे काढून ठेवली आहेत. नागपूरच्या सवी सावरकरांच्या चित्रांत गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू आहे. ही छायाचित्रे, ही चित्रे त्या मातीच्या मूर्तींसमोर मांडली, आणि कपाटावरची चिठ्ठी काय असावी हे ठरवायला त्या त्या समाजातली दोन माणसे मानधन देऊन, मत देण्याच्या अधिकारासह बसवली, तर काय होईल? चिठ्ठी बहुधा लांबेल. पागोट्याचे नाव राहील, त्याखाली गावकुसाबाहेरच्या पाणवठ्याचे अंतर येईल. कोणी म्हणेल, ही मूर्ती माझ्या आजोबांसारखी मुळीच दिसत नाही. कोणी म्हणेल, दिसते. रविवारी राणीच्या बागेत पोरांना घेऊन आलेली माणसे ते वाचत उभी राहतील, आणि तेथला रखवालदारही वाचील.