काळा पहाड आणि आपण कारकून मंडळी

बाबूराव अर्नाळकरांचे नाव निघाले की बहुतेक जण प्रथम आकडा सांगतात: एक हजाराहून अधिक रहस्यकथा. हा आकडा थक्क करणारा खरा. परंतु त्याने अर्नाळकरांचे नुकसानच अधिक केले. ज्याने इतके लिहिले त्याचे काय म्हणून वाचावयाचे, अशा समजुतीने टीकाकार दूर राहिले; आणि ज्यांनी रात्री जागून वाचले त्यांना टीका लिहिण्याचे कारण पडले नाही. गिरगावात चष्म्याचे दुकान चालविणारे चंद्रकांत सखाराम चव्हाण हे गृहस्थ १९९६ साली निवर्तले, तेव्हाही त्यांच्या मागे उरला तो मुख्यतः आकडाच.

एक साधा प्रश्न मात्र राहून गेला. या कथांना आपण सरसकट हेरकथा म्हणतो. पण त्यांतला हेर कोठे आहे? धनंजय हा अर्नाळकरांचा रीतसर गुप्तहेर, आणि छोटू त्याचा साथीदार. तरीही वाचकांनी उराशी धरले ते झुंजारला आणि काळ्या पहाडाला. दिवसा प्रतिष्ठित चंद्रवदन, रात्री काळा पहाड! हा शोध घेणारा नव्हे, ज्याचा शोध घ्यावयाचा तो. इन्स्पेक्टर आनंदराव कायद्याने बांधलेले. पहाडाला ते बंधन नाही.

हे कुळ आर्थर कॉनन डॉइलचे नसून त्याच्या मेहुण्याचे आहे. हॉर्नुंग याने १८९९ साली रॅफल्स हा सभ्य दरोडेखोर इंग्रजी वाचकांपुढे आणला आणि ते पुस्तक डॉइललाच अर्पण केले. डॉइलला ते रुचले नाही. गुन्हेगाराला नायक करणे घातक, असे त्याचे मत होते, आणि आपल्या आत्मचरित्रात त्याने ते नोंदविलेही आहे. पुढे ब्रूस ग्रॅमचा ब्लॅकशर्ट आला. काळ्या पहाडाच्या चेहऱ्यावर त्याची छटा स्पष्ट दिसते. मराठीने होम्सला मान दिला, पण घरात घेतले ते या मेहुण्याच्या मुलाबाळांना.

डॉइलचा आक्षेप अर्नाळकरांना लागू पडतो काय? जबलपुरात राहणाऱ्यास या प्रश्नाचे उत्तर देताना थोडे थबकावे लागते. हिंदुस्थानातील गुन्हेशोधनाचे एक मोठे प्रकरण याच गावी घडले. १८३० नंतरच्या दशकात स्लीमनने ठगांचा माग काढला तो भिंगाने नव्हे, कागदाने. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, ठगांच्या वंशवेली लिहून काढल्या, प्रेते पुरल्याच्या जागांचे नकाशे आखले. अस्सल कचेरीचे काम! आणि एवढ्यानेही भागेना, तेव्हा १८३६ चा तिसावा कायदा झाला. ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. म्हणजे पुरावा तोकडा पडला तेव्हा सरकारनेच कायदा रुंद करून घेतला. पण १८३९ साली मेडोज टेलरने या विषयावर कादंबरी लिहिली, तेव्हा बोलावयास उभा केला तो अमीर अली ठग; जबान्या उतरून घेणाऱ्या कारकुनाला नायक करण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

दिवसभर 'नियमात बसत नाही' असा शेरा मारून घरी आलेला आपल्यासारखा मनुष्य रात्री काळा पहाड हाती घेतो, याचे मर्म मला येथे दिसते. अर्जदाराचे म्हणणे रास्त आहे हे त्याला दुपारीच कळलेले असते. पहाड लुबाडतो तो लबाडीने धनवान झालेल्याला, आणि उघडतो ती नियमाला न उघडणारी तिजोरी. डॉइलला वाटली ती भीती येथे नाही: या कथा वाचून कोणी चोर झाला नाही. भीती आहे ती निराळी. अन्याय दिसला तरी तो दूर करण्याचे काम बुरखा घातलेल्या कोणा दुसऱ्याचे, अशी मनाला सवय लागते; आणि दुपारचा तो शेरा तसाच कायम राहतो.

कलादृष्ट्या अर्नाळकरांचे उणे येथूनच निघते. अगाथा ख्रिस्तीची १९२६ सालची रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची कादंबरी संपताच वाचक चडफडत पहिल्या पानाकडे वळतो. सारे काही डोळ्यांसमोर असून आपल्याला दिसले नाही, ही ती चडफड. ख्रिस्ती वाचकाला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसविते. अर्नाळकर त्याला मोटारीत मागे बसवितात आणि मोटार भरधाव सोडतात. झुंजार संकटातून सुटतो तो तर्काने क्वचित, धाडसाने नेहमी. त्यामुळे पुस्तक मिटल्यावर परत उघडावे असे त्यात फारसे उरत नाही. उघडावयाचे ते पुढचे. हजारांचा आकडा मला असा उलगडतो.

तरी ती मोटार चालविणे सोपे नव्हते. छोटी वाक्ये, स्वच्छ भाषा, घरातल्या कोणापासून पुस्तक लपवावे लागू नये असा संयम! जाडजूड कादंबरीला बिचकणाऱ्या मंडळींना मराठी वाचनाची गोडी त्यांनी लावली. परप्रांतात आलेल्या बिऱ्हाडाच्या ट्रंकेत ज्ञानेश्वरीखाली अशी दोन-चार चिमुकली पुस्तके निघत, आणि परतीच्या बदलीपर्यंत त्यांची वेष्टने फाटून जात. ज्ञानेश्वरीचे मात्र कोरेपण पुष्कळदा टिके.