रडका सिनेमा आणि ग्रेस मार्क

मला सिनेमा बघताना रडायला आवडतं. आधीच सांगून टाकतो, कारण मित्रमंडळींत 'रडका आहे रे' म्हटलं की विषय संपतो. त्याउलट सिनेमा कमी पैशांत केलेला असेल, तर 'बजेटच्या मानाने भारी' असे ग्रेस मार्क लगेच मिळतात. मला तो शेराही पटत नाही आणि हे मार्कही.

२००४ चा 'श्वास' घ्या. कोकणातल्या छोट्या परशाला डोळ्यांचा कॅन्सर झालाय. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. आजोबांनी हे पोराला सांगायचं कसं? दिग्दर्शक संदीप सावंत यांनी कथा बहुतेक हॉस्पिटलातच ठेवली आहे. ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि आजोबा नातवाला घेऊन वॉर्डातून गायब होतात, त्याला डोळे भरून जग दाखवायला. माझा घसा दाटतो तो इथे. आजाराची बातमी कळते तेव्हा वाईट वाटतंच. पण रडू येतं ते त्या म्हाताऱ्याने काहीतरी ठरवलं म्हणून.

मंगेश हाडवळे यांच्या 'टिंग्या'त (२००८) चितंग्या नावाचा बैल जायबंदी होतो. कर्जात अडकलेला बाप त्याला विकायला निघतो. इकडे शेजारच्या रशिदाच्या आजीवर उपचार चाललेत. टिंग्याचा सवाल सरळ आहे: आजीला औषध, मग माझ्या बैलाला खाटीक का? बाप दुष्ट नाही, पण धडधाकट बैलाशिवाय त्याची शेती होणार नाही. पोराचंही बरोबर, बापाचंही बरोबर. म्हणूनच ते पोर रडायला लागलं की आपल्याला कुणावर चिडताही येत नाही.

आता 'माहेरची साडी' (१९९१). त्यावर विनोद करणं सोपं आहे, मी करत नाही. थिएटरात पदर डोळ्यांना लावणाऱ्या बायकांना पडद्यावर ओळखीचं काहीतरी दिसत होतं. माझी तक्रार वेगळी आहे. अलका कुबल यांच्या वाट्याला सोसणं येतं आणि त्यावर आणखी सोसणं. घरी जाऊन ज्या बाईला तेच सोसायचंय, तिच्या सोशिकपणाचं हा सिनेमा कौतुक करतो आणि तिथेच थांबतो.

राहिलं बजेट. पैसे कमी असले म्हणून सिनेमा आपोआप खरा होत नाही. प्रत्येक प्रसंगाखाली व्हायोलिन लावून 'आता रडा' सांगायला फार खर्च येत नाही. असा छोटा सिनेमा मला मोठ्या सिनेमाइतकाच खोटा वाटतो.

तेव्हा 'प्रयत्न चांगला आहे' म्हणण्याआधी एवढंच बघा: ज्याच्यासाठी आपण रडतोय, त्याला सिनेमाने काही करू दिलंय का? निदान टिंग्यासारखं विचारू तरी दिलंय का?