आकृतीतले बटण आणि पीएलसीचे आउटपुट

पीएलसी म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. कारखान्यातील यंत्रे ठरवून दिलेल्या क्रमाने चालू-बंद करणारा हा छोटा संगणक आता आयटीआय आणि पदविकेच्या वर्गांत रुळला आहे. त्यावरची पुस्तके व प्रशिक्षणाची टिपणे चाळली, तर एक गोष्ट नजरेत भरते. प्रोग्रॅमच्या लॅडर डायग्रॅमला पानेच्या पाने मिळतात. आणि प्रोग्रॅमचा निर्णय जेथे प्रत्यक्ष विजेत उतरतो, त्या आउटपुट मॉड्यूलची बोळवण एका आकृतीवर होते. एक चौकट, तिच्यातून निघणारा बाण, एक बटण आणि एक दिवा. आज्ञा मिळाली की बटण चालू होते व दिवा लागतो, अशा अर्थाची ओळ खाली असते. आमची तक्रार या आकृतीबद्दल आहे.

ही आकृती आली कोठून, हे पाहिले तर तिचा दोष समजतो. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी भरलेल्या कपाटांना पर्याय हवा होता. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मॉडिकॉन ०८४ हे यंत्र याच गरजेतून पुढे आले. रिलेची सवय असलेल्या विजेच्या कारागिरांना परके वाटू नये म्हणून प्रोग्रॅमलाही रिलेच्या नकाशाचेच रूप मिळाले. रिलेचा संपर्क हे खरोखरीचे बटण असते. प्रवाह कोणत्या दिशेने जातो याची त्याला फिकीर नसते, आणि उघडला की मध्ये हवेची फट पडते. आजही रिले-आउटपुटची मॉड्यूले मिळतात. त्यांच्यासाठी ही आकृती चालेल. पण २४ व्होल्ट डीसीच्या डिजिटल आउटपुटमध्ये हे काम बहुधा ट्रान्झिस्टर करतो. त्याला दिशा असते, तो पुरता मिटत नाही आणि पुरता उघडतही नाही.

आधी बाण पाहू. बाण पाहून विद्यार्थ्याचा असा समज होतो की वीज पीएलसीतून बाहेर येते. तसे होत नाही. आतला तर्क-परिपथ ५ व्होल्ट किंवा त्याहून कमी दाबावर चालतो. त्याचा संकेत सामान्यतः ऑप्टोकपलरमधून, म्हणजे एका बाजूला प्रकाश देणारा डायोड आणि दुसऱ्या बाजूला प्रकाशाला दाद देणारा ट्रान्झिस्टर अशा जोडीतून, पलीकडे जातो. दोन्ही बाजूंना तारेने जोडलेले नसते. मध्ये फक्त प्रकाश असतो. पलीकडचा संकेत मोठ्या ट्रान्झिस्टरला चालू करतो आणि बाहेरून जोडलेल्या २४ व्होल्टच्या पुरवठ्याला वाट मोकळी होते. हा बाहेरचा पुरवठा जोडलाच नाही, तर कित्येक मॉड्यूलांवरचा लहानसा दिवा लागतो आणि यंत्र मात्र ढिम्म राहते. तो दिवा अशा वेळी आज्ञा निघाल्याची खूण असतो, भारातून प्रवाह गेल्याची नव्हे. पुस्तके 'संपूर्ण विद्युत अलगीकरण' असे ठळक छापतात. दोन्ही बाजूंना एकच पुरवठा वापरला, तर त्या अलगीकरणाचे काय उरते, हे मात्र क्वचितच सांगतात.

खरा प्रश्न पुढचा आहे. बटण भाराच्या अलीकडे की पलीकडे? भार आउटपुट आणि ऋण तार यांच्यामध्ये असेल आणि ट्रान्झिस्टर धन बाजूला असेल, तर ते सोर्सिंग आउटपुट. भार धन तारेला आधीच जोडलेला असेल आणि ट्रान्झिस्टर त्याला ऋण तारेशी जोडत असेल, तर ते सिंकिंग. कारखान्यात यांनाच पीएनपी आणि एनपीएन म्हणतात. आत मॉसफेट बसवलेला असला तरी ही जुनी नावे सुटलेली नाहीत. युरोपीय यंत्रांत सोर्सिंगची पद्धत रुळली, जपानी परंपरेच्या यंत्रांत सिंकिंगची. आणि आपल्याकडच्या कारखान्यांत दोन्ही येतात.

'दोन्हींचा परिणाम सारखाच' असे म्हणून हा विषय दीड ओळीत गुंडाळलेला आढळतो. दिवा लावण्यापुरते ते खरे आहे. पण शिक्षक वर्गात नेहमी देतात ती पाण्याची उपमाच जरा पुढे नेऊन पाहा. तोटी पाणचक्कीच्या अलीकडे असेल, तर तोटी बंद केल्यावर चक्कीपर्यंत पाण्याचा दाब पोचत नाही. तोटी पलीकडे असेल, तर चक्कीतले पाणी सदैव दाबाखाली असते. अशा वेळी चक्की आणि तोटी यांच्यामधला नळ फुटला, तर तोटी घट्ट बंद असूनही चक्की फिरू लागेल.

विजेतही नेमके हेच घडते. पुरवठ्याची ऋण तार यंत्राच्या सांगाड्याला व जमिनीला जोडण्याचा प्रघात आहे. सिंकिंग रचनेत भार आणि आउटपुट यांच्यामधल्या तारेचे आवरण घासून ती सांगाड्याला टेकली, की परिपथ पूर्ण होतो. प्रोग्रॅम 'बंद' म्हणत असतो आणि झडप उघडून प्रेसचा दट्ट्या खाली येतो. सोर्सिंग रचनेत त्याच जागी तार टेकली, तर आउटपुट चालू असताना शॉर्टसर्किट होते, फ्यूज किंवा मॉड्यूलमधील संरक्षण काम करते आणि भार बंद पडतो. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचे आयईसी ६०२०४-१ हे मानक असे सांगते की नियंत्रण परिपथातील भूदोषामुळे यंत्र अनपेक्षितपणे सुरू होता कामा नये. दट्ट्याखाली हात घालणाऱ्या मुलाला आपण हा भेद न शिकवताच पाठवतो, हे आम्हांला सर्वांत गंभीर वाटते.

उदाहरणाला निवडलेला दिवाही सोयीचा नाही. अर्ध्या अँपिअरच्या आउटपुटवर तंतूचा दिवा मात्र ५ वॅटपर्यंतच लावावा, असे एखाद्या मॉड्यूलच्या माहितीपत्रकात आढळते. २४ गुणिले ०.५ म्हणजे १२ वॅट. मग ५ का? तंतू थंड असताना त्याचा रोध तापलेल्या तंतूच्या सुमारे दहावा हिस्सा असतो. ५ वॅटचा दिवा स्थिर झाल्यावर ०.२ अँपिअर घेतो, पण लागण्याच्या क्षणी दोनेक अँपिअर ओढू पाहतो. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला इतका नेमका प्रश्न आयता मिळत असताना पुस्तके तो वाया घालवतात.

रिले आणि झडपा यांच्या वेटोळ्यांची गोष्ट उलटी. त्यांचा त्रास बंद करताना होतो. प्रवाह अचानक तोडला की चुंबकीय क्षेत्रातील ऊर्जा उलट दिशेचा मोठा दाब निर्माण करते आणि ट्रान्झिस्टर फुटू शकतो. म्हणून वेटोळ्याला समांतर डायोड लावतात, कॅथोड धन बाजूला. उलटा लावला तर आउटपुट चालू होताच तो शॉर्टसर्किट होतो. डायोडमुळे प्रवाह हळूहळू ओसरतो, म्हणून रिले सुटायला थोडा उशीर लागतो. हा उशीर परवडत नसेल तेथे झेनर डायोडची मदत घेतात, कारण दाब जितका जास्त चढू द्यावा तितका प्रवाह लवकर संपतो. अनेक मॉड्यूलांत असे संरक्षण आतच असते, पण त्यालाही मर्यादा असते.

राहिला न मिटणारा, न उघडणारा ट्रान्झिस्टर. हे शिकवायला पीएलसीही लागत नाही. बंद असलेल्या सोर्सिंग आउटपुटमधून १० मायक्रोअँपिअर गळती होते असे धरा. त्यावर भार न जोडता १० मेगोहम रोधाचा डिजिटल मीटर लावला, तर गुणाकार १०० व्होल्ट येतो. अर्थात पुरवठ्याहून अधिक दाब दिसणार नाही. पण मीटर २४ च्या आसपास दाखवू शकतो आणि विद्यार्थी म्हणतो, आउटपुट अडकले. तेथे १० किलोओहमचा रोध जोडा, वाचन ०.१ व्होल्टवर येईल. सुमारे ६५० ओहमचे रिलेचे वेटोळे जोडले, तर ते साडेसहा मिलिव्होल्टवर उतरेल. सिंकिंग आउटपुटवर मात्र भार जोडलेला असताना, मीटरची काळी तार ऋणाला लावून मोजले, तर 'बंद' स्थितीत २४ व्होल्ट दिसतात आणि 'चालू' केल्यावर जवळजवळ शून्य. एक ट्रान्झिस्टर, दोन रोध आणि एक मीटर घेऊन हे वर्गातल्या टेबलावर मांडता येते. फक्त मीटर लावण्याआधी प्रत्येकाला आपला अंदाज वहीत लिहायला सांगावे.