कंपनीच्या नांवाचीं ‘स्मारक’ नाणीं : एक परीक्षण

जुन्या नाण्यांचा व्यासंग असणाऱ्या गृहस्थांकडून एकाच जातीचीं नाणीं आमच्याकडे वारंवार परीक्षणार्थ येतात. तांब्याचा किंवा पितळेचा वाटोळा तुकडा. एका अंगास इंग्रजी अक्षरांत ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘हाफ आना’ अथवा ‘वन आना’ हीं अक्षरें आणि १६१६, १७१७, १८१८ असा कोणता तरी आंकडा. दुसऱ्या अंगास रामपंचायतन, मारुति किंवा कमलासना लक्ष्मी. आणणाराचें म्हणणेंहि बहुधा ठरलेलें असतें : कंपनीसरकारनें कांहीं प्रसंगाच्या स्मरणार्थ हें नाणें पाडलें असून तें अतिशय दुर्मिळ आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. अशीं नाणीं कंपनीनें कधींहि पाडलीं नाहींत. किंबहुना हीं नाणींच नव्हत. परंतु नुसतें मत सांगून भागत नाहीं. त्याचीं कारणें वाचकांपुढें ठेवणें अवश्य आहे.

प्रथम सन व किंमत पाहूं. कंपनीची सनद १६०० सालच्या अखेरची व तिची मुंबईची टांकसाळ १६७२ सालची. तेव्हां १६१६ सालीं तिनें हिंदुस्थानांत इंग्रजी अक्षरांचा अर्धा आणा पाडला हें म्हणणें मुळांतच तुटतें. कित्येक तुकड्यांवर ‘यु. के.’ अशींहि अक्षरें आढळतात. ग्रेट ब्रिटन व आयर्लंड यांचें संयुक्त राज्य १८०१ सालीं झालें, हें ज्यास ठाऊक आहे त्यास १७१७ सालच्या म्हणविणाऱ्या तुकड्यावरील हीं अक्षरें वाचून हसूंच येईल. राहतां राहिला १८१८. त्या काळचें मुंबई इलाख्यांतील कंपनीचें तांबें कसें होतें हें आपणांस पक्कें माहीत आहे. १८०४ च्या नाण्यांवर एका बाजूस कंपनीचें ढालचिन्ह व दुसऱ्या बाजूस तराजू असून त्याखालीं फारसी ‘अदल’ हा शब्द आहे. पुण्यास तर पेशवाई गेल्यावरहि कांहीं वर्षें जुन्याच घाटाचे अंकुशी रुपये पडत होते व त्यांवर फारसी लेख होता. सर्व मुलखास एकच नाणें १८३५ च्या १७ व्या कायद्यानें आलें. त्या मालिकेंतील अर्ध्या आण्याचें वजन २०० ग्रेन, म्हणजे तोळ्याहून २० ग्रेन अधिक, असें ठरलेलें आहे. उलट आमच्यापुढें आलेल्या या तुकड्यांत एकाच ‘किंमती’चे दोन तुकडे वजनांत सारखे निघण्याची मारामार. ज्याचें वजन ठरलेलें नाहीं तें सरकारी नाणें कसें?

आतां देवतेच्या चित्राविषयीं. ‘ख्रिस्ती कंपनी आपल्या नाण्यावर हिंदु देव घालणें शक्यच नाहीं’ असा मुद्दा आमच्या पक्षाचे कित्येक लोक पुढें करतात. तो चुकीचा आहे व तो सोडून दिला पाहिजे. मद्रासेस कंपनीनें विष्णूच्या मूर्तीचे सोन्याचे होन पाडले. १८०७ च्या सुमारास तेथें निघालेल्या चांदीच्या अर्ध्या व पाव होनांवर एका बाजूस गोपुर व दुसऱ्या बाजूस विष्णु आहे. त्याच्याहि पूर्वीं, अकबरानें आपल्या इलाही सन ५० मध्यें रामसीतेच्या आकृतींचें व ‘राम सीय’ या नागरी अक्षरांचें नाणें पाडलें. विजयनगरच्या तिरुमलरायाच्या होनावर राम, सीता व लक्ष्मण आहेत. आपल्याच काळांतलें उदाहरण पाहिजे असल्यास २०१२ सालीं भारत सरकारनें वैष्णोदेवी संस्थानच्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवाप्रीत्यर्थ काढलेल्या नाण्यांवर देवीची मूर्ति आहे. तात्पर्य, देवतेच्या चित्रावरून नाणें खरेंहि ठरत नाहीं व खोटेंहि ठरत नाहीं. चुकीच्या कारणानें काढलेला बरोबर निष्कर्ष पुढच्या खेपेस दगा देतो. मद्रासेचा अस्सल होन हातीं आल्यावर असा परीक्षक त्यासहि बनावट ठरवील.

१८१८ हा आंकडा पाहून तो पेशवाईच्या अखेरीचा स्मारक असावा असा तर्क कोणी करील. त्यास उत्तर असें कीं, त्या युद्धाचें अधिकृत स्मारक कोणतें हें अंधारांत नाहीं. ‘आर्मी ऑफ इंडिया’ या नांवाचें चांदीचें पदक १८५१ सालीं मंजूर झालें व त्याच्या फितीवरील पट्ट्यांवर खडकी, पुणें, सीताबर्डी, कोरेगांव, महिदपूर हीं लढायांचीं नांवें आहेत. पदकाच्या एका अंगास व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आहे. किंमत मात्र कोठेंच नाहीं, कारण तें पदक आहे, चलन नव्हे. युद्धानंतर तेहतीस वर्षांनीं कां होईना, सरकारनें स्मारक केलें तें हुकूम काढून केलें. म्हणूनच त्याचा मागोवा आज लागतो.

येथेंच खऱ्या कसोटीचें सूत्र हातीं येतें. स्मारक नाणें ओळखावयाचें तें चित्रावरून नव्हे, तर हुकूम, किंमत व प्रमाण या तिहींवरून. स्वतंत्र भारतानें पहिलें स्मारक नाणें १९६४ सालीं पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ एक रुपया व अर्धा रुपया या किंमतींत काढलें. १९९९ चें छत्रपति शिवाजी महाराजांचें दोन रुपयांचें नाणें अकरा बाजूंचें, तांबें व निकेल यांच्या मिश्रणाचें, सुमारें ६ ग्रॅमचें. त्याच्या एका अंगास सिंहशीर्ष व किंमत आहे. २०११ च्या नाणेकायद्यानें नाणें पाडण्याचा अधिकार केवळ केंद्रसरकारकडे ठेवला असून किंमतीची मर्यादा एक हजार रुपये घातली आहे. प्रत्येक नाण्याची धातु, घाट व वजन राजपत्रांत जाहीर होतें. जें राजपत्रांत नाहीं तें नाणें नव्हे, मग त्यावर कोणाचीहि मुद्रा असो. मात्र एक सावधगिरी ठेवावी. सरकारी टांकसाळींत मागणीप्रमाणें पदकेंहि पाडतात. तेव्हां टांकसाळींतून निघालें एवढ्यावरून तें नाणें होत नाहीं.

मग हे तुकडे आहेत तरी काय? देवस्थानांच्या आसपास विकल्या जाणाऱ्या व देवघरांत पुजल्या जाणाऱ्या रामटंका आपणांस परिचित आहेत. त्यांच्यापैकीं कित्येकांवरील १७४० हा आंकडाहि असाच काल्पनिक आहे. परंतु रामटंकेनें आपण चलन आहों असें कधीं सोंग घेतलें नाहीं. भाविकानें ती श्रद्धेनें घेतली व श्रद्धेनें जपली. ती लोकधर्माच्या इतिहासाचें साधन आहे व संग्रहांत तिला स्वतंत्र स्थान दिलेंच पाहिजे. कंपनीचें नांव व किंमत घातलेला तुकडा याच घराण्यांतला, परंतु बाजाराच्या नादीं लागून बिघडलेला. ‘तांदूळ ओढणारें नाणें’ म्हणून तोच भोळ्या माणसांस दाखवितात व लाखों रुपयांची आशा लावून त्यांची पुंजी लुबाडतात. लोहकण मिसळलेले तांदूळ व तुकड्याशीं लपविलेलें चुंबक एवढेंच या चमत्काराचें भांडवल. परीक्षा पाहणारानें तांदूळ आपल्या घरचे न्यावे, म्हणजे चमत्कार तेथेंच संपतो.

संशोधकाची हानि याहून निराळी, पण कमी नव्हे. आमच्या स्वतःच्या टिपणवहींत एके काळीं असाच एक तुकडा ‘कंपनी, तांबें, अर्धा आणा’ या सदराखालीं नोंदला गेला होता. चूक लक्षांत आल्यावर आम्हीं ती नोंद खोडली. परंतु मध्यंतरीं ती वही ज्यांनीं उतरून घेतली त्यांच्या यादींत ती तशीच राहिली. खोटा कागद पुढें नकलेंत शिरला कीं त्याचा खोटेपणा झांकला जातो, हा पोथ्यांच्या संग्राहकांचा नित्याचा अनुभव. नाण्यांच्या यादींचेंहि तसेंच आहे. ज्या संग्राहकांकडे असे तुकडे असतील त्यांनीं ते फेंकून देऊं नयेत व विकूंहि नयेत. चलनाच्या पेटींतून काढून ते ‘देवटंक’ या वेगळ्या सदराखालीं, वजन व मिळाल्याचें ठिकाण लिहून ठेवावे. आणि जुन्या यादींत ते नाणीं म्हणून नोंदले असतील तर ती दुरुस्ती ज्यांनीं ती यादी उतरून घेतली त्यांसहि कळवावी. आमच्या वहीची नक्कल ज्यांच्यापाशीं असेल त्यांनीं वर सांगितलेली ओळ खोडावी, अशी त्यांस आमची विनंति आहे.