भाड्याचा झगमगाट, घरचं कसब

नाशिकची विसर्जन मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि थोड्याच वेळात दादासाहेब फाळके रोडवर येते. भारतीय सिनेमाच्या जनकाचं नाव असलेल्या या रस्त्यावरून आता ट्रकमागून ट्रक जातात. प्रत्येक ट्रकवर लोखंडी ट्रस, ट्रसला लटकलेले शार्पी दिवे, मागे एलईडी वॉल, पुढे आवाजाच्या पेट्यांची भिंत. यंत्रसामग्रीच्या बाबतीत हे शहर कधीही इतकं सधन नव्हतं. आणि तरीही तिसऱ्या ट्रकनंतर पहिल्या ट्रकवर काय होतं ते आठवत नाही, कारण तिन्हींवर तेच होतं. दिवे भाड्याचे, पडद्यावरची ज्वाळा आणि उडणारा गरुड विकत आणलेल्या चित्रफितीतले आणि दिव्यांच्या हालचाली कन्सोलमध्ये कंपनीने आधीच भरून दिलेल्या. मंडळाचं स्वतःचं असं एकच असतं, पुढे लावलेला फ्लेक्स.

माझी तक्रार यंत्राविरुद्ध नाही. हाताने केलेलं तेवढं पवित्र आणि यंत्राने केलेलं भ्रष्ट, असं मानणाऱ्यांपैकी मी नाही. उलट नाशिकच्या देखाव्याची सगळी परंपराच यंत्रावर प्रेम करणाऱ्यांची आहे. प्रश्न एवढाच आहे की यंत्र चालवणारा आणि कल्पना करणारा हे दोघे पूर्वी एकाच मांडवात बसत. आता त्यांची ओळखही नसते.

फाळक्यांचंच घ्या. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा माणूस मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, मग बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, साचेकाम, छायाचित्रण, छपाई, ब्लॉक तयार करणं, हे सगळं त्याने हात काळे करून आत्मसात केलं. शिवाय तो जादूगार होता. फाळके हे नाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करी. त्याच्या सिनेमातले चमत्कार या जादूच्या टेबलावरूनच आले. प्रेक्षकाची नजर कुठे आहे, ती किती क्षण तिथे राहील आणि तेवढ्यात आपल्याला काय उरकता येईल, हा हिशेब रंगमंचावरच्या जादूगाराला पक्का ठाऊक असतो. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये मुंबईत झळकला. त्यानंतर फाळक्यांनी बस्तान नाशिकला हलवलं आणि १९१८ मध्ये इथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. नट, सुतार, रंगारी, रसायनात फिल्म धुणारे असे सगळे एका छत्राखाली होते. ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, आणि फिल्म धुण्यापासून तिला छिद्रं पाडण्यापर्यंतची कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. देखावा उभा करणारी ही खऱ्या अर्थाने कंपनी होती. तिथे ‘हे तंत्रवाल्यांना विचारा’ असं म्हणायची सोयच नव्हती.

ही परंपरा शहरापुरती नाही आणि फाळक्यांपासून सुरू झालेली तर नाहीच. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि घाटाखालच्या मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर बोहाडा होतो. संबळाच्या आणि पिपाणीच्या तालावर रात्रभर एकेक सोंग नाचत येतं: गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, वेताळ. कागदाच्या लगद्याचे किंवा हलक्या लाकडाचे हे मुखवटे संग्रहालयातल्या काचेआड पाहिले की भडक वाटतात. ते पाहायची ती जागाच नव्हे. पाड्यावर उजेड टेंभ्यांचा असे, म्हणजे खालून येणारा आणि सतत हलणारा. अशा उजेडात बारीक छटा दिसत नाहीत. दिसते ती ठळक काळी रेघ, वटारलेला पांढरा डोळा, लाल जीभ. रंगारी उजेडाचा विचार करून रंग लावतो, आणि नाचणारा फटींतून जेमतेम पुढची जमीन दिसत असताना मानेवरचं ओझं सांभाळून पावलं टाकतो. प्रकाशयोजना, वेशभूषा आणि नृत्य यांचा एकमेकांशी इतका घट्ट हिशेब मी महागड्या सोहळ्यांतही क्वचित पाहिला आहे. आता कित्येक पाड्यांवर हॅलोजन लागतात. त्या सपाट पांढऱ्या उजेडात तोच नरसिंह केविलवाणा दिसतो. दोष मुखवट्याचा नाही. दिवा बदलताना मुखवट्याचा विचार कोणी केला नाही.

शहरात या कसबाचं रूप वेगळं होतं. जुन्या नाशकात रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी उघडतात. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, शनिचौक अशा भर वस्तीत रस्त्याखाली दगडी बांधणीचे हे हौद आहेत. वर्षभर ते झाकून बुजवलेले असतात, वरून गाड्या जातात; त्या दिवशी पूजा होते, रंग उकळतो आणि तरुण पोरं धप्पा मारतात. वर्षातला एक दिवस उघडायचं आणि उरलेले दिवस रस्त्याचं ओझं पेलायचं, असं बांधकाम सुचणं आणि ते टिकणं ही साधी गोष्ट नाही. चैत्रातल्या कामदा एकादशीचा रथोत्सवही तसाच. श्रीरामाचा आणि गरुडाचा असे दोन रथ, दोरखंडाला शेकडो हात आणि रथाकडे तोंड करून उलटं चालणारे मानकरी बुवा. अरुंद उतारावर एवढं लाकडी धूड आवरायचं ते तालमीतल्या गड्यांच्या अंगमेहनतीवर आणि पिढ्यांच्या अंदाजावर.

पण मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते गणपतीच्या हलत्या देखाव्यांविषयी, कारण या औद्योगिक शहराची खरी लोककला तीच होती. सातपूर-अंबडची कारखानदारी, ओझरचं विमानांचं काम, त्याही आधी नाशिकरोडचे छापखाने यांनी शहराला फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन दिले. दिवसा कंपनीत मिलिमीटरचा हजारावा भाग मोजणारा माणूस संध्याकाळी मंडपामागे अफजलखानाचा हात हलवायच्या खटपटीत असे.

त्या हाताच्या आत काय असतं ते एकदा नीट बघावं. मोटर बहुधा भंगारातून आणलेली, गाडीच्या वायपरची. हिचीच निवड का? तिच्या आत वर्मगिअर असतो, त्यामुळे ती सावकाश फिरते आणि जोर मात्र भक्कम देते. शिवाय ती बारा व्होल्टवर चालते. भाद्रपदाच्या पावसात ओल्या मंडपाला यासारखी सुरक्षित दुसरी सोय नाही. मोटरीच्या दांड्याला लोखंडी पट्टी, पट्टीच्या टोकाला दुसरी पट्टी, आणि फिरण्याची गती मागे-पुढे होण्यात बदलते. हात खांद्यापाशी बिजागरीवर, पलीकडे समतोलाला वजन. नाहीतर वर जाताना मोटर कण्हते आणि खाली येताना हात धाडकन आपटतो. पडद्यामागे एक जण लाकडी फळीवरच्या बटणांसमोर बसलेला. कॅसेटवर निवेदन चालू असतं आणि ‘खानाने कट्यार उपसली’ या शब्दांवर त्याने तिसरं बटण दाबायचं. शब्दाआधी दाबलं तर हसू होतं, उशिरा दाबलं तर प्रसंग विझतो. रात्रीत पन्नास-साठ वेळा तोच क्षण नेमका पकडणारा हा माणूस नटापेक्षा कमी नव्हता.

आणि यातली सर्जनशीलता कुठे होती? मोटरी मोजक्याच असत, म्हणून काय हलवायचं हे ठरवावं लागे. दहा मूर्तींपैकी एकीची फक्त मान वळली तर सगळ्यांचे डोळे तिकडे जात. शिवरायांची मूर्ती अगदी स्थिर ठेवून फक्त मागची मशाल लवलवत ठेवायची, हा निर्णय दिग्दर्शकाचा आहे, मग तो घेणारा गॅरेजमधला मेकॅनिक का असेना. एलईडी वॉलवर सगळंच हलतं, म्हणून कशाकडेच लक्ष जात नाही.

नाटकवाल्यांनी हा धडा कधीच गिरवला होता. १९६२ मध्ये आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ आलं ते फिरता रंगमंच घेऊन. मो. ग. रांगणेकरांचं दिग्दर्शन, प्रभाकर पणशीकरांचा लखोबा. कोर्टातली साक्ष संपते, रंगमंच फिरतो आणि त्या साक्षीतला प्रसंग समोर उभा राहतो. फिरणं ही इथे करामत नाही, ते नाटकाचं व्याकरण आहे. रंगमंच फिरायला लागणारा वेळ आणि पणशीकरांना नवा वेश चढवायला लागणारा वेळ यांची सांगड घातली म्हणून एकाच नटाची अनेक माणसं उभी राहिली. बाबासाहेब पुरंदरे यांचं ‘जाणता राजा’ १९८० च्या दशकात आलं. अनेक मजली रंगमंच, दोनशेच्या वर कलावंत, हत्ती-घोडे आणि आधी ध्वनिमुद्रित केलेले संवाद. मोकळ्या मैदानावर एवढ्या रुंद मंचावरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा तर दुसरा उपाय नव्हता. त्यात नटाचा त्या रात्रीचा आवाज हरवला, हे नुकसान मोठं आहे आणि मला ते खटकतं. पण ती निवड जाणतेपणी केलेली होती. काय मिळतंय आणि काय जातंय हे करणाऱ्याला ठाऊक होतं. आजच्या बहुतेक सोहळ्यांत ही जाण दिसत नाही.

ढोलाचं मात्र वेगळं आहे, आणि तिथे आशा आहे. नाशिक ढोलाचं नाव इतकं दूर गेलं आहे की केरळातल्या उत्सवांत आणि प्रचारफेऱ्यांत ‘नासिक ढोल’ याच नावाने पथकं वाजतात. पथकात आलेल्या मुलाला आधी पान ताणायला शिकवतात, मग टिपरू हाती देतात. पावसात पान सैल पडतं, आवाज बसतो, म्हणून कुठे थांबायचं, कधी ताणायचं हे प्रत्येकाला कळावं लागतं. ताशाची तर्री बदलली की शंभर ढोल वळतात. वाद्याची देखभाल आणि वादन वेगळं न पडल्यामुळे ही कला जिवंत राहिली. संख्येची हाव तिथेही शिरते आहे. दोनशे ढोल एकत्र आणले म्हणजे वादन दुप्पट होत नाही. तरी पाया शाबूत आहे.

तंत्र आणि विचार फारकत घेतात तेव्हा केवळ कंटाळा येतो असं नाही, माणसं जखमी होतात. २०२३ च्या विसर्जनानंतर लेसरमुळे तरुणांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याचं नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांनी जाहीरपणे सांगितलं. लेसरची शलाका प्रेक्षकांच्या डोक्यावरून जायला हवी आणि एका जागी थांबता कामा नये, हा त्या कामाचा पहिला पाठ आहे. ट्रकवर लेसर बांधून त्याचं तोंड गर्दीकडे करणाऱ्याला यंत्र मिळालं होतं, विद्या मिळाली नव्हती.

आता नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा येतो आहे. जाहीर वेळापत्रकाप्रमाणे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात ड्रोनचे खेळ झाले, तेव्हा आपल्याकडेही तसंच हवं अशी मागणी होणारच. पण प्रयागचा कुंभ हिवाळ्यातल्या कोरड्या वाळवंटावर भरतो, आपला भर पावसाळ्यात. ऑगस्टमध्ये गोदेला पूर येतो, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला किती पाणी लागलं यावर सारं शहर पुराचा अंदाज घेतं. २०१६ आणि २०१९ चे पूर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातलेच. पावसात ड्रोन उडत नाहीत, घाटावर घट्ट बसवलेलं काहीही टिकत नाही. शिवाय २७ ऑगस्ट २००३ रोजी याच शहरात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, हे विसरून चालणार नाही. अरुंद गल्लीत लोकांचे पाय थबकवणारा कुठलाही देखावा तिथे गुन्हा ठरेल. म्हणजे नाशिकला हवा आहे तो पाण्यात भिजूनही उभा राहणारा, तासाभरात उचलता येणारा आणि गर्दीला थांबवण्याऐवजी पुढे नेणारा देखावा. तो कुठल्याही कंपनीच्या गोदामात तयार नाही. तो इथेच घडवावा लागेल, आणि घडवणाऱ्याला गोदेचा पूर आणि वर्मगिअर दोन्ही कळावे लागतील.

अशी माणसं नाशकात आहेत, काही निवृत्त झालेली, काही आयटीआयमध्ये शिकणारी. सिंहस्थाचं काम पाहणाऱ्यांनी निविदेत फक्त दिव्यांची संख्या आणि पडद्याची लांबी-रुंदी लिहू नये. संकल्पकाचं नाव, घाटावर भर पावसात घेतलेली तालीम आणि स्थानिक कारागिरांचा वाटा या तीन अटी घालाव्यात. आयटीआय आणि मुक्त विद्यापीठ यांनी मिळून रंगतंत्राचा एक छोटा अभ्यासक्रम सुरू करावा. आणि गल्लीतल्या मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे: येत्या गणपतीत भाड्याचा एक पडदा कमी करा, तेवढ्या पैशांत एक हलता देखावा आपल्याच पोरांकडून करून घ्या, आणि पडद्यामागे बटणांसमोर बसलेल्याचं नाव मंडपाच्या दारावर, वर्गणीदारांच्या नावांच्या वर लिहा.