विक्रमाचे मौन: वेताळपंचविशीच्या शेवटातील काही गाठी

विक्रम आणि वेताळाची सुरुवात मराठी वाचकाला झोपेतही सांगता येते. स्मशान, झाडाला लटकणारे प्रेत, ते खांद्यावर घेणारा राजा, वाटेत गोष्ट सांगून प्रश्न घालणारा वेताळ, आणि राजाने तोंड उघडताच पुन्हा झाडावर गेलेले प्रेत. शेवट विचारला, की मात्र बहुतेकांची गाडी अडते.

याचे एक कारण ‘चांदोबा’ आहे. १९५२ मध्ये मराठीत निघू लागलेल्या या मासिकाने वेताळकथा वर्षानुवर्षे छापल्या. पंचवीस हा आकडा केव्हाच मागे पडला. पुढच्या महिन्याची सोय म्हणून दर महिन्याच्या शेवटी प्रेत झाडावर जाणे भागच होते. एका हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेला, चित्रकार शंकर यांनी रेखाटलेला तो राजा कायम वाटेतच राहिला. बीडच्या बसस्थानकावर उभ्याउभ्या ‘चांदोबा’ वाचणाऱ्या आमच्या पिढीला तो कुठे पोचतो, हे कळलेच नाही.

पुढे मूळ शेवट वाचायला मिळाला, तेव्हा उलगडा होण्याऐवजी गुंता वाढला. पंचविशीत कोडी चोवीसच कशी? राजा शेवटी गप्प का बसतो? वेताळ अचानक त्याच्या बाजूला का जातो? एवढा धूर्त भिक्षू इतक्या साध्या युक्तीला कसा फसतो? आणि विक्रमाच्या गोष्टीत राजाचे नाव विक्रम का नाही? या गाठी एकामागून एक सोडवून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी आधार सांगतो. वेताळकथांचे संस्कृतात अनेक पाठ आहेत. शिवदासाचा आहे, जंभलदत्ताचा आहे. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात राणी सूर्यवतीसाठी रचलेल्या ‘कथासरित्सागरा’च्या बाराव्या लंबकातही त्या येतात. मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० च्या सुमारास ‘वेताळपंचविशी’ आणली. मी येथे मुख्यतः सोमदेवाचा पाठ धरला आहे, कारण त्यात शेवट सविस्तर आहे.

तो शेवट थोडक्यात असा. चोविसाव्या प्रश्नावर राजा निरुत्तर होतो आणि मुकाट चालत राहतो. वेताळ प्रसन्न होतो आणि त्याला सावध करतो: हा क्षांतिशील नावाचा भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तू म्हण, मला येत नाही, आधी करून दाखव. तो आडवा झाला की त्याचे डोके उडव. इतके सांगून वेताळ प्रेत सोडून निघून जातो. राजा स्मशानात पोचतो. हाडांच्या चूर्णाने मंडल आखून बसलेला भिक्षू मंत्राने वेताळाला त्या प्रेतात बोलावतो, पूजा करतो आणि राजाला नमस्कार घालायला सांगतो. पुढे वेताळाने सांगितल्याप्रमाणेच घडते. वेताळ वर माग म्हणतो. राजा मागतो, की या चोवीस कथा आणि पंचविसावी ही समाप्तीची कथा पृथ्वीवर प्रसिद्ध व्हावी.

पहिली गाठ येथेच सुटते. कोडी चोवीस, आणि पंचविसावी गोष्ट राजाची स्वतःची. ऐकणारा शेवटी गोष्टीत जमा होतो. त्याने मागितलेला वर म्हणजे आपल्या हातातले पुस्तक.

दुसरी गाठ वेताळ आणि प्रेत यांची. चित्रामुळे आपण दोघांना एकच समजतो. सोमदेवाच्या कथेत प्रेत हे घर आहे आणि वेताळ त्यातला बिऱ्हाडकरू. म्हणूनच तो शेवटी प्रेत सोडून जाऊ शकतो आणि मंत्राने परत येऊ शकतो. ही गोष्ट लक्षात घेतली नाही, तर झाडावरून आणलेल्या वेताळालाच भिक्षू पुन्हा का बोलावतो, हे कळत नाही.

वेताळ राजाला मदत का करतो, हा प्रश्न इंग्रजी वळणाने त्याला रक्तपिपासू पिशाच मानणाऱ्याला पडतो. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये या कथांतल्या काही इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाला ‘व्हँपायर’ केले. मराठी मुलखात मात्र वेताळ हा राखणदार देव आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण रात्री तो गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे. माणूस पारखून मग त्याच्या पाठीशी उभा राहणारा वेताळ आपल्याला नवखा नाही. चोवीस फेऱ्या ही त्याची पारख होती.

आता मुख्य गाठ: मौन. अनेक पुनर्कथनांत असे सुचवले जाते, की राजाला उत्तर माहीत होते, पण तो आता शहाणा झाला आणि गप्प राहिला. कथेचा नियमच हे मान्य करत नाही. वेताळाची अट स्पष्ट आहे: उत्तर ठाऊक असून सांगितले नाहीस, तर तुझ्या डोक्याच्या ठिकऱ्या उडतील. राजाचे डोके शाबूत राहिले, याचा अर्थ त्याला उत्तर खरोखरच आले नाही. सोमदेवही तेच सांगतो. राजाने विचार केला, उमगले नाही, म्हणून तो गप्प राहिला. तेवीस अचूक उत्तरांनी त्याला तेवीस वेळा झाडापर्यंत परत नेले आणि एका अज्ञानाने पुढे जाऊ दिले.

मग तो प्रश्न होता तरी काय? दक्षिणेतल्या धर्म नावाच्या राजाचे राज्य भाऊबंदांनी घेतले. राणी चंद्रवती आणि मुलगी लावण्यवती रानात पळाल्या. चंडसिंह आणि त्याचा मुलगा सिंहपराक्रम यांना त्यांच्या पावलांचे ठसे दिसले. मोठ्या पावलांची ती बापाची, लहान पावलांची ती मुलाची, असे दोघांनी ठरवले. निघाले उलटे. लहान पावले आईची होती. शब्द पाळायचा म्हणून मुलाने आईशी आणि बापाने मुलीशी लग्न केले. दोन्ही जोडप्यांना मुले झाली. त्या मुलांचे एकमेकांशी नाते काय?

मी गेवराई तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवत असताना एका ऑफ तासाला हा प्रश्न वर्गाला घातला होता. उत्तर येणार नाही याची मला खात्री होती. आठवीतल्या एका मुलीने फळ्यावर चार नावे लिहिली, रेघा ओढल्या आणि नाते काढून दाखवले. बापाचा मुलगा हा सिंहपराक्रमाचा सावत्र भाऊ, म्हणून तो दुसऱ्याचा काका. आईचा मुलगा हा लावण्यवतीचा सावत्र भाऊ, म्हणून तो पहिल्याचा मामा. एक काका, दुसरा मामा. मी शाबास म्हणून फळा पुसायला निघालो, तेव्हा तिने विचारले, की मग सणाला कोणी कोणाच्या पाया पडायचे? मी तो प्रश्न हसण्यावारी नेला. तास संपवायचा होता. कोडे तिथेच आहे, हे मला फार उशिरा कळले.

नाव शोधायचे असते तर मराठीत तरी उत्तर आहे. आमच्याकडच्या एकत्र कुटुंबांत पुतण्यापेक्षा लहान काका सर्रास असतात आणि मान काकालाच मिळतो. वयाने न सुटणारा प्रश्न नाते सोडवते. या कोड्यात नातेच दोन्हीकडून सारख्या जोराने ओढते. जो काका तोच भाचा, जो मामा तोच पुतण्या. थोरला कोण, हे ठरत नाही. तेवीस वेळा राजाने दोष कोणाचा, त्याग कोणाचा मोठा, नवरा कोण, असे निवाडे दिले होते. निवाडा म्हणजे कोणाला तरी वर ठेवणे. येथे वर ठेवायला कोणी सापडत नाही, म्हणून न्यायाधीश गप्प होतो.

आणि लगेच पुढचा प्रसंग काय आहे? नमस्काराचा. कोणी कोणापुढे वाकायचे, हा प्रश्न कोड्यातून निघून थेट राजाच्या गळ्याशी येतो. हे दोन प्रसंग एकमेकांना लागून यावेत हा योगायोग मला वाटत नाही. सोमदेव तसे बोलून दाखवत नाही. हे वाचन माझे आहे, आणि त्याचे अर्धे श्रेय त्या मुलीचे.

या वाटेने गेले, की युक्तीची गाठही सुटते. क्षांतिशील फसतो, कारण राजाचे म्हणणे पटण्यासारखे आहे. सगळे ज्याच्यापुढे वाकतात, त्याला वाकायचे कसे हे ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. साध्या माणसाने ही सबब सांगितली असती तर भिक्षूला लगेच संशय आला असता. शेवटात राजा दोनदा अज्ञानी ठरतो. पहिल्यांदा खरोखर, दुसऱ्यांदा मुद्दाम. पहिल्या अज्ञानाचा अनुभव नुकताच घेतला नसता, तर दुसरे त्याला इतक्या सहज वठवता आले असते का, ही शंका मला आहे.

राजाने विश्वासघात केला, असा आक्षेप घेता येईल. क्षांतिशीलाने दहा वर्षे रोज एक फळ दिले होते. राजा ते न पाहताच कोठारात पाठवत राहिला. एकदा माकडाने फळ फोडले, तेव्हा आतले रत्न दिसले. राजा ऋणी होता, यात शंका नाही. पण त्याने दिलेला शब्द साहाय्याचा होता, प्रेत आणण्याचा होता, आणि तो त्याने पाळला. आपला बळी देण्याचा शब्द त्याच्याकडून कोणी घेतलाच नव्हता. तरीही दोष उरतो, आणि तो राजाचा आहे. रोज हातात येणाऱ्या देणगीच्या आत काय आहे, हे दहा वर्षे न पाहण्याचा. भोळेपणाने घेतलेल्या वस्तूची किंमत त्याला स्मशानात मागितली गेली.

शेवटची गाठ नावाची. सोमदेवाच्या कथेत राजा उज्जैनचा विक्रमादित्य नाही. तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानाचा, म्हणजे आपल्या पैठणचा, त्रिविक्रमसेन आहे. शेवटी शिव प्रकट होऊन सांगतो, की पूर्वी मीच तुला माझ्या अंशातून विक्रमादित्य म्हणून निर्माण केले होते आणि आता तू त्रिविक्रमसेन आहेस. एका वाक्यात दोन राजे जोडले गेले. पुढच्या पुनर्कथनांत जोड विसरली गेली, पैठणही गेले आणि उज्जैन उरले. यातला विरोधाभास मराठवाड्याला जाणवण्यासारखा आहे. आपल्या लोककथेत पैठणचा शालिवाहन हा विक्रमाचा वैरी. त्यांच्या नावाच्या दोन कालगणनांत १३५ वर्षांचे अंतर. तरीही विक्रमाची सर्वांत लाडकी गोष्ट पैठणच्या गादीवरची.

यावरून इतिहासाचा दावा करू नये. त्रिविक्रमसेन कथेतला राजा आहे. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ सातवाहनाच्या दरबाराशी जोडली जाते, पण वेताळकथा तिच्यात मुळात होत्या की नाही, याबद्दलही शंका घेतली गेली आहे. बुधस्वामीच्या ‘बृहत्कथाश्लोकसंग्रहा’च्या उपलब्ध भागात त्या नाहीत. पण गोष्टीने स्वतःला दिलेला पत्ता गोदाकाठचा आहे, एवढे निश्चित. पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणी माजलगावापर्यंत येते. ही गोष्ट मात्र आपल्यापर्यंत उज्जैनला वळसा घालून आली आणि वाटेत तिचा शेवट गळला.

शेवट गळल्यामुळे आपण एक चुकीचा धडा घेतला: बोललास तर हरलास. मूळ धडा वेगळा आहे. माहीत असेल तर बोललेच पाहिजे, मग प्रेत पुन्हा झाडावर गेले तरी चालेल. तेवीस वेळा राजाने तेच केले. माहीत नसेल तर तसे मान्य करून चालत राहावे. शिक्षक म्हणून मी मुलांच्या पहिल्या गुणाला मार्क दिले, दुसऱ्याला बहुधा शून्यच दिले. त्या मुलीच्या प्रश्नाला तेव्हा मला माहीत नाही एवढेच म्हणायला हवे होते.