हौसेचे तास

धाटावच्या एमआयडीसीत वेळेला दर आहे. जादा तासाला दुप्पट वेतन, हे 1948च्या कारखाने अधिनियमानेच ठरवून दिलं. इथल्याच दारांवर दिवाळीत क्रोशाची तोरणं लागतात, त्यांचे तास मात्र कुणी मोजत नाही. भेट आलेलं तोरण, रुखवतातला रुमाल, बाळंतविड्यातलं टोपडं, सगळ्यांना दाद एकच: "हौशी आहे हो!" ही दाद मला अपुरी वाटते.

रुमालाकडे नीट पाहा. साखळी, मुका खांब, खांब एवढ्याच टाक्यांतून तो गोल आणि सपाट बसवायचा, तर दर फेरीत ठरावीक टाके वाढवावे लागतात. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. या झालरीतूनच कॉर्नेल विद्यापीठातल्या डाइना ताइमिन्या यांनी 1997मध्ये हायपरबोलिक प्रतल विणून दाखवलं. मला ज्याचा पगार मिळतो, त्याच जातीचा हा हिशोब आहे.

दोन सुयांच्या विणकामाला विल्यम ली यांनी 1589मध्येच यंत्र शोधलं. खऱ्या क्रोशाची जागा घेईल असं यंत्र अजून बाजारात नाही. म्हणजे दुकानातलं स्वस्त तोरण खरोखर क्रोशाचं असेल, तर तेही कुणीतरी हातानेच विणलेलं असतं. 'हौस' म्हणत घरातले तास फुकट धरायची सवय लागली, की बाजारातल्या त्या बाईची मजुरीही आपल्याला जास्त वाटू लागते. भेट हातात आली की कौतुक जरूर करावं, पण टाके पाहून, आणि किती दिवस लागले ते विचारून.